तुमचा घरचा सिनेमा कोणता? (नुसती नावं नकोत, किस्सा हवा)

मधलीच

काल रात्री ‘बायसिकल थीव्ह्ज’चा शेवट बघितला. बघायला सुरुवात केली होती सातवीत असताना. मध्ये पंचवीसेक वर्षं गेली.

सांगते. तेव्हा व्हीसीडीचे दिवस. एका सिनेमाच्या दोन डिस्क. बाबांनी कोणाकडून तरी दोन दिवसांच्या बोलीवर आणलेली. सिनेमा इटालियन, खाली इंग्रजी अक्षरं पळतायत, मी आणि धाकटा एक ओळ वाचेपर्यंत पुढची हजर. म्हणून मग बाबाच मराठीतून बोलायला लागले. सगळ्यांच्या वाटचं, आवाज काढून. नायकाची बायको बाबांच्या बारीक केलेल्या आवाजात नवऱ्याला झापायची आणि आम्ही लोळायचो.

गोष्ट साधी. भिंतींवर पोस्टर चिकटवायची नोकरी, पण सायकल असेल तरच. सायकल गहाण पडलेली. बायको पलंगावरच्या चादरी काढते, त्या गहाण टाकून सायकल सोडवून आणतात. तिथला माणूस त्यांच्या चादरींचं गाठोडं घेऊन फळ्यांवरून वर चढतो. वर, अजून वर. छतापर्यंत नुसती गाठोडी. तेवढा वेळ बाबा गप्प होते, ते मला अजून आठवतं. पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते. बापलेक शोधत बाजारात फिरतात, पाऊस येतो, पहिली डिस्क संपते.

दुसरी डिस्क लावली तर पडद्यावर चौकोन चौकोन. बाबांनी बनियनला पुसली, मधून कडेकडे, ‘गोल पुसायची नसते’ असं आम्हाला बजावत. फुंकर मारली. परत लावली. परत चौकोन. धाकट्यानं भोकाड पसरलं, सायकलचं काय झालं म्हणून. तेव्हा बाबांनी दिवा लावला आणि उरलेला सिनेमा तोंडी सांगितला. त्या पोराला, ब्रूनोला, एका पुलाखाली घंटी ऐकू येते. तो नुसत्या आवाजावरून ओळखतो, ही आपलीच. मग बापलेक डबलसीट घरी. आम्ही झोपायला गेलो.

काल कळलं, पूल नाही, घंटी नाही, सायकल सापडतच नाही. उलट तो बापच शेवटी दुसऱ्याची सायकल उचलायला जातो आणि पोरासमोर पकडला जातो. मी सोफ्यावर बसून राहिले. बाबा तेव्हा म्हणाले होते, त्यांनी आधी बघितलाय म्हणून. मग त्यांनी मुद्दाम बदलला? अजून विचारलेलं नाही.

तर म्हटलं तुम्हालाही विचारावं. घरी बसून बघितलेला, दुसऱ्यांच्या गळ्यात मारावासा वाटणारा सिनेमा कोणता? कोणाबरोबर बघितलात, काय घोळ झाला, तेही लिहा.

झोपाळू

सुरुवातीलाच शेवट सांगून टाकलात! माझ्या यादीत होता हो हा. 😑

ढब्बू

@झोपाळू १९४८ चा आहे. अजून किती थांबायचं होतं तुमच्यासाठी?

झोपाळू

यादी मोठी आहे.

पाळण्याची दोरी

पुष्पक. डोळे झाकून पुष्पक. घरात तान्हं असेल तर दुसरा पर्यायच नाही, कारण अख्ख्या सिनेमात एक शब्द कोणी बोलत नाही. १९८७ चा, कमल हासन. आम्ही दोघांनी बाळ तीन महिन्यांचं असताना आवाज पूर्ण बंद करून बघितला. मधे मधे एकमेकांना कोपरानं ढोसत. हसू आलं तर तोंडात उशी.

आता गंमत. त्यात तो गरीब पोरगा पंचतारांकित हॉटेलात घुसतो, मऊ गादी मिळते, पण झोप येईना. मग जुन्या खोलीकडे जाऊन काहीतरी टेप करून आणतो, ते लावलं की घोरायला लागतो. आम्हाला आवाजच नव्हता, त्यामुळे कळेना हा काय ऐकतोय. अंगाई? आईचा आवाज? आम्ही फारच हळवे अंदाज बांधले. बाळ वर्षाचं झाल्यावर आवाजासकट बघितला, तर शेजारच्या थिएटरातल्या मारामारीचा ढिशुम ढिशुम! त्याशिवाय त्याला झोप लागत नसते.

आणि आमचं बाळ वॉशिंग मशीन बंद झालं की उठायचं. म्हणजे आम्ही जगतच होतो तो सीन.

उठलं वाटतं. नंतर लिहिते.

रेघोट्या

पुष्पकमधला बर्फाचा सुरा!! तो मारेकरी बर्फाचा सुरा घेऊन फिरतो आणि तो वितळतो. लहानपणी आम्ही फ्रीझरमध्ये साच्याशिवाय सुरा करायचा प्रयत्न केला होता. आईनं विचारलं काय करताय, तर भाऊ म्हणाला ‘खून’.

तिसरी घंटा

‘१२ अँग्री मेन’. १९५७. सिडनी लुमेटचा पहिलाच चित्रपट. एक खोली, एक टेबल, बारा माणसं, दीड तास आणि वर थोडं. एका पोरानं बापाचा खून केला की नाही एवढंच ठरवायचं. पहिल्या मतदानात अकरा ज्यूरर म्हणतात दोषी, एक जण, आठ नंबरचा, म्हणतो, जरा बोलूया.

हा घरीच बघावा असं माझं मत आहे. मोठ्या पडद्याची गरज नाही, गरज आहे ती पंखा बंद करण्याची. खरंच. उन्हाळ्यात, पंखा बंद करून बघा. त्यांच्याही खोलीतला पंखा चालत नसतो सुरुवातीला.

दुसऱ्यांदा बघाल तेव्हा छताकडे लक्ष ठेवा. सुरुवातीला कॅमेरा माणसांच्या डोळ्यांच्या वर असतो, मग हळूहळू डोळ्यांच्या पातळीला येतो, आणि शेवटच्या भागात खाली जातो, तेव्हा त्यांच्या डोक्यावर छत दिसायला लागतं. लेन्सही बदलत नेलेत, त्यामुळे भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात. हे लुमेटनं स्वतःच लिहून ठेवलंय. मला पहिल्या वेळी यातलं काही दिसलं नव्हतं, फक्त गुदमरायला झालं होतं.

तेव्हापासून कुठल्याही मीटिंगला बसलो की मनात नंबर टाकत बसतो. हा तीन नंबर, हा दहा नंबर. आठ नंबर अजून एकाही मीटिंगला आलेला नाही.

सहज आपलं

@तिसरी घंटा याचं हिंदी रूप जास्त भारी आहे. ‘एक रुका हुआ फैसला’, १९८६, बासू चॅटर्जी. पंकज कपूर असा काही पेटलाय की बस्स. आणि त्यातला म्हातारा ज्यूरर अन्नू कपूर आहे, तेव्हा जेमतेम तिशीचा! मी कित्येक वर्षं त्याला खरा म्हातारा समजत होते.

तिसरी घंटा

पंकज कपूर मान्य. बाकी भारी वगैरे नाही.

सहज आपलं

भारीच.

ढब्बू

मतदान घ्या. गुप्त पद्धतीनं.

कोपऱ्यातली खुर्ची

आमच्याकडे अशी ही बनवाबनवी. याला शिफारस काय करायची, सगळ्यांनी बघितलाच आहे. पण अडचण अशी, की आमच्या घरात तो ऐकू येत नाही. अशोक सराफ तोंड उघडायच्या आत माझा दीर बोलून मोकळा. ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ हे तर आमच्याकडे दार वाजलं की आतून विचारतात, बाहेरून नाही. सत्तर रुपयांचा विषय निघाला की सासरे उभे राहतात.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा एकदा रात्री सगळे झोपल्यावर हेडफोन लावून एकटीनं बघितला. म्हटलं, मूळ कसा आहे ते तरी कळू दे. चांगला आहे. पण दिराची सर नाही. 😄

तिसरी घंटा

मूळ म्हणाल तर त्याचंही मूळ आहे. हृषिकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’, १९६६.

कोपऱ्यातली खुर्ची

हे आमच्या घरी सांगू शकत नाही. वाळीत टाकतील.

उनाड

‘दुसरी डिस्क’ वाचून जिवाला लागलं काहीतरी. आमच्याकडे कॅसेट होती, व्हीसीआर. आणि एकाच सिनेमाचा शेवट नव्हता, कारण त्याच्यावर काकांनी क्रिकेट टेप केलं होतं. नायिका जिना उतरते आणि एकदम चौकार.

कुठला सिनेमा ते आठवत नाही, त्यामुळे शिफारस नाही. क्रिकेटही हरलेलं.

जरा हळू

मी जरा वेगळंच विचारते. सगळ्या सिनेमांत बोलणं कुजबुजल्यासारखं आणि गाणी-मारामारी छप्पर फाडणारी, हे फक्त माझ्याच टीव्हीवर होतंय का? रिमोट हातातून सुटत नाही. आवाज वर, खाली, वर, खाली. परवा तर्जनी दुखायला लागली.

वायरमन

@जरा हळू टीव्हीचा दोष नाही, सिनेमाचा आवाज थिएटरातल्या पाच-सात दिशांच्या स्पीकरांसाठी बसवलेला असतो, संवाद मधल्या स्पीकरातून. घरी ते सगळं टीव्हीच्या मागच्या दोन बारक्या स्पीकरांत कोंबलं जातं. सेटिंगमध्ये आवाजाच्या पर्यायात ‘स्टिरिओ’ मिळाला तर तो निवडा, आणि ‘नाइट मोड’ किंवा बोलणं स्पष्ट करणारं काही असेल तर चालू करा. पुष्कळ फरक पडेल.

आणि सांगतोच आहे तर, ‘मोशन’ नावाचं जे काही सेटिंग असेल ते बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. नवे टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनानं बनवून घालतात. म्हणून जुना चांगला सिनेमा संध्याकाळच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो.

जरा हळू

देवमाणूस! मला वाटत होतं माझे डोळे गेले. नवीन टीव्ही आल्यापासून सगळेच नट खोटं खोटं काम करतात असं वाटायचं.

वायरमन

काही जण करतातही. ते सेटिंगनं जाणार नाही.

अर्धवट

मी ‘कोर्ट’ सांगणार. चैतन्य ताम्हाणे, २०१४. एका म्हाताऱ्या शाहिरावर खटला भरलाय, आरोप असा की त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं जीव दिला. वीरा साथीदार आहेत शाहीर. कॅमेरा एका जागी ठेवलेला असतो आणि हलतच नाही. लोक येतात, फाइल शोधतात, तारीख घेतात, जातात. नवऱ्याला पहिल्या वीस मिनिटांत तीनदा वाटलं नेट अडकलं.

खरी गोष्ट पुढेच आहे. शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते. सगळे निघून जातात, शिपाई दिवे बंद करतो, दार लावतो. काळोख. आम्ही दोघं म्हणालो, वा! काय शेवट आहे! नवऱ्यानं रिमोटनं टीव्ही बंद केला. झोपलो. पुढची दोन वर्षं मी ज्याला त्याला त्या काळोखाविषयी सांगत होते. अगदी डोळे बारीक करून.

मग एका मैत्रिणीनं विचारलं, आणि त्यानंतरचा न्यायाधीशांचा सहलीचा भाग? मी म्हटलं कुठला भाग?

सिनेमा संपलाच नव्हता. काळोख नेहमीपेक्षा लांब ठेवलाय, एवढंच. त्यानंतर न्यायाधीश कुटुंबाबरोबर सुट्टीला गेलेले दाखवलेत, आणि अख्ख्या सिनेमाचा अर्थ मला तरी तिथं कळला. कोटाखालचा माणूस.

तर कृपया, टीव्ही बंद करायच्या आधी नावं वर सरकायला लागली का बघा.

मधलीच

@अर्धवट अगं आपण दोघी बहिणी!! 😂 नाव पण काय शोभतंय तुला.

तिसरी घंटा

थिएटरातही लोक उठायला लागले होते त्या काळोखात. मी स्वतः चप्पल शोधत होतो.

दुपारची झोप

माझे सासरे प्रत्येक सिनेमाला पाचव्या मिनिटाला झोपतात आणि शेवटी उठून म्हणतात, बरा होता. रिमोट मात्र मुठीत. काढायला गेलं की डोळे न उघडता म्हणतात, ‘बघतोय मी.’

त्यांनी एकच सिनेमा जागेपणी बघितलाय. सिंहासन. जब्बार पटेल, अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी लिहिलेला. पहिल्यापासून शेवटपर्यंत ताठ बसून. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, डॉ. लागू अर्थमंत्री, निळू फुले पत्रकार दिगू. आम्ही सगळे मधेच विचारायचो हा कोण, तो कोणाच्या बाजूचा, तर ते हातानं गप्प करायचे. शेवटचं दिगूचं ते हसणं आल्यावर स्वतःच उठून टीव्ही बंद केला आणि काही न बोलता झोपायला गेले. ‘बरा होता’ पण नाही म्हणाले.

रेघोट्या

निळू फुले म्हटलं की आमची आजी. सामना लागला होता. हिंदुराव पडद्यावर आला की आजी जपमाळ बाजूला ठेवून शिव्या घालायची आणि तो गेला की परत माळ हातात. आम्ही मोजायचो, एका सिनेमात किती माळा झाल्या.

नंतर तिला सिंहासन दाखवला. पत्रकार झालेत, चांगले आहेत या वेळी, असं समजावलं. शेवटपर्यंत विश्वास नाही बसला. ‘बघ, आता काढेल गुण.’

पाळण्याची दोरी

आले परत. झोपवलं. हिंदुरावाचं वाचून मी मोठ्यानं हसले आणि परत उठलं. धन्यवाद @रेघोट्या.

निवांत

मला एक नाव हवंय. लहानपणी दूरदर्शनवर पाहिलेला. एक मुलगा आहे, दुसऱ्या मुलाची वही चुकून याच्या दप्तरात येते. ती परत द्यायची म्हणून नुसता पळत असतो. डोंगरावर नागमोडी वाट, वर एक झाड. मोठी माणसं त्याचं ऐकूनच घेत नाहीत. एवढंच आठवतंय. आई त्याला सारखी काम सांगते.

सहज आपलं

इराणी आहे! ‘व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस’. किआरोस्तामी, १९८७. शेवटी वहीत एक फूल असतं.

निवांत

हो!!! फूल!!! अहो मला रडू आलं इथे इस्त्री करता करता. चाळीस वर्षांची बाई मी. धन्यवाद ताई. आज रात्रीच लावते. शर्टाची बाही थोडी जळली पण चालेल.

ढब्बू

इराणीच हवा असेल तर ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ पण लावा पोरांना. माजिद माजिदी, १९९७. बहिणीचे बूट भावाकडून हरवतात, मग दोघांत एक जोडी. ती सकाळी घालते, तो दुपारी, मधल्या गल्लीत पळत येऊन अदलाबदल. पुढे तो शर्यतीत पळतो, कारण तिसऱ्या नंबराला बूट आहेत. तिसराच हवा! पहिला नको! माझा मुलगा टीव्हीसमोर उभा राहून ओरडत होता, ‘हळू पळ, हळू पळ!’ शर्यतीत असं ओरडायला लावणारा दुसरा सिनेमा दाखवा.

@झोपाळू शेवट सांगितलेला नाही याची नोंद घ्यावी.

झोपाळू

घेतली. यादी अजून वाढली.

एक पाय

नाव बघितलंत ना? गेल्या वर्षी पाय मोडला, सहा आठवडे प्लास्टर. पहिल्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या लोकांनी एकच सिनेमा सुचवला आणि तिघेही आपण फार विनोदी आहोत अशा समजुतीत. हिचकॉकचा ‘रिअर विंडो’, १९५४. नायकाचा पाय प्लास्टरमध्ये, खुर्चीत बसून समोरच्या खिडक्यांत बघत असतो. त्याला वाटतं समोरच्यानं बायकोला मारलं.

रागारागातच लावला. एक जागा अशी आहे की त्याला प्लास्टरच्या आत खाज सुटते आणि तो एक लांब काठी आत सरकवतो, आणि ती जागा सापडल्यावर त्याचा चेहरा बघा. जेम्स स्टुअर्टनं कुठली पदकं मिळवली असतील ती असोत, माझ्या लेखी त्या चेहऱ्यासाठी सगळी त्याचीच. आमच्याकडे विणकामाची सुई होती. दोन-तीन मिनिटं सिनेमा थांबवून मीही तेच करून घेतलं.

मग मी पण खिडकीत बसायला लागलो. समोरच्या घरातल्या बाईंनी दुसऱ्या दिवशी पडदे लावले. रास्त आहे.

जरा हळू

@एक पाय आता बरा आहे का पाय?

एक पाय

चालतोय. पावसाळ्यात कुरकुर करतो. विचारलंत, बरं वाटलं.

सावलीतली

लिहू की नको असं चाललं होतं. ‘माय नेबर टोटोरो’. मियाझाकीचा, १९८८, जपानी. दोन बहिणी नवीन घरी राहायला येतात आणि त्यांना रानात एक भलंमोठं केसाळ काहीतरी भेटतं. माझ्या ऑपरेशनच्या वेळी लेक चार वर्षांची होती. नवऱ्यानं तिला गुंतवायला म्हणून लावून दिला, लहान मुलांचा आहे एवढंच ऐकून. अर्ध्या तासानं त्याला कळलं, की त्या मुलींची आई हॉस्पिटलमध्ये असते, आणि मुली त्याचीच काळजी करत असतात. तो घामाघूम. बंद करायला उठला तर लेक म्हणाली, ‘राहू दे ना. तिची आई पण येणारे.’

मग मी घरी येईपर्यंत रोज तोच. मी आल्यावर तिनं मला तपासल्यासारखं बघितलं आणि म्हणाली, तू मांजराच्या बसनं आलीस का? मला तेव्हा संदर्भच माहीत नव्हता. मी म्हटलं, नाही गं, रिक्षानं. फार निराश झाली.

आता ती अकरावीत आहे. ताप आला की अजून तोच लावते.

निवांत

💛 बाही पूर्ण जळली आता.

दुपारची झोप

@सावलीतली ‘रिक्षानं’ 😄❤️ तब्येत छान असू दे.

रेघोट्या

टोटोरोबद्दल एक धोक्याची सूचना. तो आवडला म्हणून आम्ही लगेच त्याच स्टुडिओचा दुसरा लावला, ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’. चित्रं तशीच गोड. युद्धातली दोन अनाथ भावंडं. नंतर दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही.

तिसरी घंटा

गंमत म्हणजे जपानमध्ये ते दोन्ही प्रदर्शित झाले ते एकाच दिवशी, जोडीनं, एका तिकिटात दोन. आधी कुठला बघायला मिळतो त्यावर माणूस घरी कसा जायचा ते ठरत असणार.

रेघोट्या

मग आमच्यासारखीच अवस्था झालेले पुष्कळ असतील. बरं वाटलं.

कडी लावली का

तुंबाड एकट्यानं. हेडफोन. रात्री एक. वर पाऊस, सिनेमात पाऊस, कुठला कुठे सुरू होतो कळेना. त्या आजीचा सीन चालू असताना मागून माझ्या आईनं खांद्यावर हात ठेवून विचारलं, ‘झोपला नाहीस अजून?’

लॅपटॉपची एक बिजागरी गेली. आईला आठवडाभर मी नीट बघू शकलो नाही.

शिफारस: बघाच. पण दाराकडे तोंड करून बसा.

वायरमन

बिजागरी मिळते वेगळी. बदलून घ्या, पडदा तसाच ठेवलात तर आतली वायर तुटेल.

कडी लावली का

आईची भीती गेली की बदलतो.

जमिनीवर

‘टोकियो स्टोरी’. ओझू, १९५३. म्हातारे आईवडील मुलांना भेटायला शहरात येतात आणि कोणालाच वेळ नसतो, एवढीच गोष्ट. त्यातल्या त्यात माया लावते ती गेलेल्या मुलाची बायको.

फक्त एक करा, सोफ्यावर बसून बघू नका, खाली जमिनीवर बसा. त्याचा कॅमेरा जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेला ठेवलेला असतो. सोफ्यावरून मी दोनदा कंटाळून सोडला होता. तिसऱ्यांदा पाठ धरली होती म्हणून खाली सतरंजीवर आडवा होतो, मग उठून भिंतीला टेकून बसलो, आणि एकदम त्या खोलीत मी पण बसलोय असं झालं. संपल्यावर आईला फोन लावला. साडेअकरा वाजले होते. ती घाबरली, काय झालं म्हणून. काही नाही म्हटलं. ती म्हणाली, मग उद्या कर.

मधलीच

सगळं वाचतेय, उत्तरं द्यायला वेळ झाला नाही. बाबांचं सांगते.

फोन केला. म्हटलं, बाबा, सायकल सापडत नाही. म्हणाले, ‘सापडते की. पुलाखाली.’ मी म्हटलं, काल बघितला मी पूर्ण. तर म्हणे, ‘तू दुसरा कुठला तरी बघितला असशील.’ धाकट्याला फोनवर घेतलं, तोही बाबांच्या बाजूनं! त्यालाही पूल आठवतो. घंटी आठवते. सायकलचा रंग सांगतो, आणि सिनेमा काळापांढरा आहे.

मग आज त्यांच्याकडे जाऊन लावला. बाबांना आता ती पळती अक्षरं वाचता येत नाहीत, चष्मा लावूनही. म्हणून मी बोलले. आवाज काढून. बायकोचा माझ्याच आवाजात, बाकी सगळ्यांचा घोगरा. चादरींच्या गाठोड्यांपाशी मी गप्प बसले, तर बाबा म्हणाले, ‘हं, हे बघ, वर चढतोय.’

शेवटी तो बाप पकडला जातो, लोक टोपी पाडतात, थपडा मारतात, पोरगं रडत त्याच्या कोटाला धरतं. मग सोडून देतात आणि दोघं गर्दीत चालायला लागतात, पोरगं बापाचा हात धरतं. नायक झालेला माणूस नट नव्हता, खराखुरा कारखान्यातला कामगार होता, हे मी वाचून गेले होते, सांगणार होते, राहूनच गेलं.

नावं आली. बाबा बराच वेळ बघत राहिले पडद्याकडे. मग म्हणाले, ‘पुलाखालचं कापलंय यांनी.’

अर्धवट

कापलंय 😂😂 आणि आता मला रडू येतंय

कोपऱ्यातली खुर्ची

बाबांचाच शेवट खरा. आमच्या दिराशी ओळख करून द्या त्यांची.

एक पाय

पुलाखाली कुठली बाजू विचारा, मी बघून येतो. पाय आता बरा आहे.

पाळण्याची दोरी

मधलीच, बाबांना नमस्कार. आमच्याकडे आता मशीन संपायला आलंय, म्हणजे मला चार मिनिटं आहेत. एक विचारते, बारा माणसांचा तो सिनेमा आवाज बंद करून चालेल का?

तिसरी घंटा

अजिबात नाही!! बोलण्याशिवाय दुसरं काहीच नाही त्यात.

सहज आपलं

पंकज कपूरचा चालेल. तो बिनआवाजाचाही ओरडतो.

झोपाळू

ते मोशनचं सेटिंग कुठे म्हणालात? मला सापडत नाहीये.

वायरमन

चित्राच्या सेटिंगमध्ये, सगळ्यात खाली, ‘प्रगत’ किंवा ‘ॲडव्हान्स्ड’ लिहिलेलं असेल त्याच्या आत.

झोपाळू

सासऱ्यांचा रिमोट आहे का कोणाचा? माझा सोफ्यात गेलाय.